नव्या साडीवरचं जाळं

वार सोमवार. तिथी अविधवा नवमी, गेल्या वर्षीच्या पितृपंधरवड्यातली. स्थळ केडगाव, आमचं राहतं घर. हजर माणसं – मी, आमचे हे, ह्यांची मुलगी केतकी, कर्जतहून आलेल्या विमलवन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आणि सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलेल्या शेजारच्या अलकाताई. ज्यांच्या नावाने हा सगळा स्वयंपाक होता त्या सुमनताई, ह्यांच्या पहिल्या पत्नी... त्यांची हजेरी लावायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आधीच सांगते, असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. मुलींच्या होस्टेलची मेस मी बरीच वर्षं सांभाळली आहे. दर वर्षी नव्या मुली यायच्या आणि दर वर्षी कुणाला तरी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये बाई उभी दिसायची. मी दर वेळी बल्ब बदलायचे. बाई दिसायची बंद व्हायची.

चाळिशी उलटल्यावर मी लग्न केलं, तेही बिजवराशी. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. केतकी तेव्हा बारावीत होती. ती मला मावशी म्हणते, आणि ते मी पहिल्याच दिवशी मान्य केलं. सुमनताई जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. घर बाईविना राहिलेलं दिसतं तसंच दिसत होतं. ट्रॉल्यांमागे झुरळं, पिठाच्या डब्यात किडे, पुस्तकांत कसर, ट्यूबलाइटमागे पाली, आणि कोपऱ्या-कोपऱ्यात धुळीने काळी पडलेली जाळी. मी घाबरले नाही. उलट बरं वाटलं. हे काम आपल्याला येतं, असं वाटलं.

फ्रिजवर यादी लावली. बोरिक पावडर, पिठीसाखर आणि कणीक मळून केलेल्या गोळ्या ट्रॉल्यांमागे. धान्यात कडुनिंबाचा वाळवलेला पाला. कपाटात डांबरगोळ्या. दर शनिवारी लांब काठीचा झाडू घेऊन सगळ्या खोल्यांची छतं. पहिल्या उन्हाळ्यापर्यंत झुरळं संपली, मुंग्यांनी शेजार गाठला. पालींना मी हात लावला नाही. खायलाच काही उरलं नाही, म्हणून त्या आपोआप गेल्या.

तेव्हा विमलवन्सं पहिल्यांदा राहायला आल्या. सगळीकडे फिरून बघितलं, मी केलेला चहा घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, घर लई चकाचक ठिवलंय बरं का. आमच्या सुमनच्या घरात जाळ्या असायच्या... पर मानसंबी असायची."

हे हसले. केतकीही हसली. मग सुरूच झालं – सुमन खरकटी भांडी तशीच टाकून शेजारी कशी गप्पा मारत बसायची, एकदा कुकरमध्ये पाणी घालायलाच कशी विसरली, पाहुणे दारात आणि ही केस धुवून गच्चीत. सगळ्यांचे डोळे पाण्याने भरले, हसून हसून. माझ्या ओट्याबद्दल कुणी कधी असं हसत काही सांगितलेलं मला आठवत नाही. जिला घर ठेवता येत नव्हतं तिचंच अजून हे घर होतं, आणि मी झाडणारी.

हेवा वाटला का? वाटला. मेलेल्या बाईचा हेवा करू नये हे मला कळतं. पण जिवंत बाईशी निदान भांडता तरी येतं.

आता टाकाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे जुनी रीत आहे – दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीच्या नावाचा चांदीचा छोटा टाक करून गळ्यात घालायचा. नवं लुगडं, नवी वस्तू आधी त्या टाकाला दाखवायची, मग आपण वापरायची. वन्संनी लग्नाआधीच तो करून घेतला होता. नखाएवढा, वर बाईची आकृती, ओवायला कडी. मी स्पष्ट सांगितलं, "वन्सं, मी दुसरी आहे हे सगळ्या केडगावला ठाऊक आहे. गळ्यात पाटी कशाला अडकवायची?" ह्यांनी टाक देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मी तो ड्रॉवर उघडत नसे. तेवढीच एक जागा माझ्या साफसफाईत नव्हती.

आणि जाळी सुरू झाली ती नव्या वस्तूंवर.

पहिल्यांदा माझ्या चपलांवर. आदल्या संध्याकाळी आणलेल्या, सकाळी दोन्ही पट्ट्यांमध्ये जाळं. मग नव्या मिक्सरवर. मग माझ्या भाचीच्या लग्नात मिळालेल्या साडीवर. घरातलं कोळ्याचं जाळं कसं असतं? विस्कटलेलं, धुळकट. ही तशी नव्हती. शेताच्या बांधावर, काट्याकुट्यांत सकाळी दिसतात तशी... गोल, चाकासारखी, एकेक तंतू मोजून घेतल्यासारखा. कोळी मात्र एकदाही दिसला नाही. केतकीच्या नव्या बॅगेला काही नाही, ह्यांच्या नव्या हेल्मेटला काही नाही. फक्त माझं, आणि फक्त नवं. एकदा वापरलं की पुन्हा त्या वस्तूवर जाळं येत नसे.

मी नीट विचार केला. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर कोळी येतात – म्हणून दिवा बदलला. खिडकीला जाळी बसवली. शेवटी केतकीवर संशय आला, आणि तिला सरळ विचारलं.

ती म्हणाली, "मावशी, मला स्वतःची ओढणी घडी करता येत नाही. मी जाळं विणणार? आईवर गेलेय मी."

तिथेही आईच.

आता त्या नवमीकडे येते. अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिला साडी देतात. त्याला माझी हरकत नव्हती. आदल्या आठवड्यात मी ह्यांना म्हटलं, "साड्या घ्यायच्यात. एक अलकाताईंना द्यायला, एक मला. कापडबाजारात कधी जाऊ या?"

ह्यांनी माझ्या हातात पैसे ठेवले. "तुझी तू घे. तुला कळतं त्यातलं."

"आणि अलकाताईंची?"

"ती आणलीय मी."

आणली होती. एकटे जाऊन, दुकान बंद ठेवून. चिंतामणी रंगाची, बारीक जरीची. आमच्या लग्नापासून ह्यांनी माझ्यासाठी रुमालसुद्धा स्वतः निवडलेला नाही. "हा रंग तिला..." एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी माझ्यासाठी आमसुली घेतली. मळखाऊ, धुवायला सोपी.

त्या दिवशी सकाळी पाट मांडताना माझ्या मनात सरळ हिशेब आला. अलकाताई गोऱ्या आहेत, त्यांना आमसुली खुलेल. किंमत सारखीच. नैवेद्य पोचतो तो भावनेने, रंगाने नाही. मी आमसुली साडी पाटावर ठेवली, त्यावर खण, बांगड्या, कुंकवाचा करंडा. चिंतामणी उचलून आतल्या खोलीत माझ्या खुर्चीवर ठेवली. मला ती नेसायची होती. इतकंच. ह्यांनी एकदा मला त्या रंगात बघावं असं वाटत होतं.

वडे तळायला गेले. एक घाणा काढून, दुसरा कढईत सोडून, हात पुसून परत आले ती साडी एकदा अंगाला लावून बघायला... खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत, साडीवर ताणलेलं, गोल जाळं.

एक घाणा वडे तळून होईपर्यंत! झाडूने ओढून काढलं. साडी झटकली. तिथेच उभी राहिले. तेवढ्यात कढईतून वास आला म्हणून गॅस बंद करायला धावले आणि लगेच परत फिरले. जाळं होतं. पहिल्यापेक्षा मोठं.

"काय गं मावशी, काय झालं?" केतकी दारात आली. तिच्यामागे वन्सं, हातात पुरणाची वाटी. त्यांच्यामागे अलकाताई, नुकत्याच आलेल्या, चांगल्या नटून.

वन्सं वाकून बघत म्हणाल्या, "ही साडी हितं कशी? पाटावर न्हाई ठिवली व्हय?"

मी म्हटलं, "खिडकीची जाळी उघडी राहिली असेल. कोळी आत आला."

"कुठाय कोळी? दाव बरं मला." त्यांनी साडीची घडी उलटून बघितली, खुर्चीखाली बघितलं. "ह्ये कोळ्याचं काम न्हाई, वहिनी. कुठला कोळी साडी निवडून बसतो गं? ह्ये नेसनारीचं काम हाय."

अलकाताई हळूच म्हणाल्या, "मी नंतर येऊ का?"

"तुमी बसा वं बाई. तुमच्याच साडीचं भांडान हाय."

तेव्हा केतकीला तो तंतू दिसला. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून दिसला. जाळ्याच्या वरच्या टोकापासून एकच तंतू निघाला होता, दारातून बाहेर हॉलमध्ये, भिंतीलगत. केतकी त्याच्याखाली तळहात धरून चालू लागली, तो तुटू नये म्हणून. चालता चालता हसत होती. दोन वर्षांत ती माझ्याकडे बघून एकदाही तशी हसली नव्हती.

तंतू देवघराच्या ड्रॉवरच्या फटीत गेला होता.

ड्रॉवर केतकीने उघडला. आम्ही चौघीही तिथे होतो, चौघींनी बघितलं. दोन वर्षं न हाताळलेली चांदी काळी पडते, हे मला कुणी सांगायला नको. टाक लखलखीत होता, रांगोळीने घासल्यासारखा. ड्रॉवरमध्ये दुसरं जाळं नाही, धूळ नाही. आणि तो तंतू टाकाच्या कडीतून ओवलेला होता. आत जाऊन बाहेर आलेला... आपण दोरा ओवतो तसा.

हे दुकानातून जेवायला म्हणून आले आणि आमच्या मागे उभे राहिले. आधी टाकाकडे बघितलं, मग तंतूच्या मागे बघत बघत आतल्या खोलीत, खुर्चीवर. सगळं समजलं त्यांना. मी वाट बघत होते की आता बोलतील, रागावतील.

"दोन आणायला हव्या होत्या मी," ते म्हणाले. "त्याच रंगाच्या. माझंच चुकलं."

मला म्हणत होते. पण डोळे तंतूवर होते.

मी आत गेले आणि साडी उचलली. जाळं तुटलं नाही... नुसतं सैल झालं आणि घरंगळलं. साडीला एक तंतू चिकटला नाही. चिंतामणी पाटावर ठेवली, आमसुली काढली. अलकाताईंना कुंकू लावलं, ओटी भरली. पानं वाढून मी देवघरापाशी गेले, तर तंतू नव्हता. कुणी पुसला का, म्हणून एकेकाला विचारलं. कुणीच हात लावला नव्हता. वड्यांचा तो घाणा मात्र करपला होता, आणि सगळ्यांनी नाव न ठेवता तो खाल्ला. एवढंच नाही, केतकी म्हणाली, "मावशी, आईनेच तळले असते असे!" आणि सगळे हसले. वन्सं तर ठसका लागेपर्यंत. मीही हसले. माझ्या हातच्या एखाद्या पदार्थावर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

त्यानंतर माझ्या कुठल्याच वस्तूवर जाळं आलं नाही. नवा कुकर आणला, चप्पल आणली, काही नाही.

एका शिक्षक नातेवाइकांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, बाहेरचा कोळी कपड्यांबरोबर येत असेल, लपत असेल. मी विचारलं, आणि चांदी? म्हणाले, कुणीतरी घासून ठेवली असेल. कोणी? केतकी नाही म्हणते, हे नाही म्हणतात, वन्संही नाही म्हणतात, आणि ही तिघं खोटं बोलायला लागली तर मला लगेच कळतं. तंतू कडीत कसा ओवला गेला, असं विचारलं तेव्हा त्यांनी चहा मागितला.

दिवाळीत हे संध्याकाळी घरी आले ते पिशवी घेऊन. "बघ, आवडते का." माझ्यासाठी साडी, स्वतः निवडलेली. चिंतामणी. ह्यांना तो एकच रंग ठाऊक आहे.

मी ती त्याच खुर्चीवर ठेवली. मुद्दाम. देवघर दिसेल अशी. सकाळी उठून आधी तिथे गेले.

काही नव्हतं. एक तंतूही नाही.

हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नवमीनंतर कुकरला, चपलेला जाळं नाही आलं हे मी समजू शकते, त्यांची साडी त्यांना पोचली होती. पण ही? हिच्यातही त्यांना हेवा वाटावा असं काही नव्हतं? की ह्यांनी दुकानात उभं राहून ती कुणाला आठवत घेतली, हे त्यांना आधीच माहीत होतं?

मानत नाहीस तर नेसून मोकळी हो, असं अलकाताई म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. साडी कपाटात आहे, फॉल-पिको झालेली, ब्लाउज शिवून आलेला. ह्यांनी दोनदा विचारलं, कधी नेसणार म्हणून. फ्रिजवरच्या यादीत दर रविवारी मी झालेली कामं खोडते आणि राहिलेली नव्या कागदावर उतरवते. डांबरगोळ्या बदलणे, झालं. छतं झाडणे, झालं. शेवटची ओळ दिवाळीपासून तशीच उतरवते आहे – "टाक गाठवून आणणे. मग साडी दाखवणे. मग नेसणे."