बांधलेलं घर आणि रेंजची पिशवी

सामान बांधण्यात आमच्या अण्णांचा हात धरणारं कुणी नव्हतं. महसूल खात्यातली नोकरी, त्यामुळे निम्मं आयुष्य दौऱ्यावर. आज परभणी, पुढच्या आठवड्यात रायचूर, मग वरंगळ. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि शिदोरीचा डबा ते डोळे मिटून बांधायचे, आणि मध्येच कुणी हात लावला की खेकसायचे. त्यांच्या गाठीला घरात आम्ही ‘दौऱ्याची गाठ’ म्हणत असू. एक टोक ओढलं की ती झटक्यात सुटायची, पण ते टोक कुठलं हे त्यांनाच ठाऊक असायचं.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं दिल्लीत ठरलं, आणि अण्णांना जन्मातलं सगळ्यात मोठं सामान बांधायची संधी मिळाली. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार होता, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि आमचं हैदराबाद आंध्रात. जिल्ह्यांबरोबर खात्यातल्या माणसांचीही वाटणी व्हायची होती. मराठी माणूस म्हणून अण्णांना औरंगाबादला धाडणार असं कचेरीत सगळे धरून चालले होते. हुकूम अजून आला नव्हता, पण हुकमाची वाट बघत बसणं अण्णांच्या स्वभावात नव्हतं. विद्यानगरच्या आमच्या भाड्याच्या घरात एका सकाळी ते दोरी, नवार आणि गोणपाट घेऊन बसले ते आठवडाभर उठलेच नाहीत. पितळेची भांडी, गाद्या, गरम कपडे, पुरणयंत्र, देवघरातल्या जादा समया, सगळं बांधून भिंतीला लागलं. आम्ही घरात तिघंच. तीन ताटं, तीन वाट्या आणि एक कढई एवढ्यावर आमचा संसार सुरू झाला. चहाची गाळणीसुद्धा कुठल्याशा गाठोड्यात गेली होती. आई फडक्यातून चहा गाळायची.

आईला कुणी काही विचारलं नव्हतं. ती जुन्या शहरातल्या शालीबंड्यात जन्मलेली, तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या वकिली. हैदराबादबाहेर ती लग्नकार्यापुरती गेली असेल तेवढीच. विचारलं असतं तर “तुम्ही म्हणाल तसं” म्हणाली असती आणि मग दोन दिवस भांडी आपटली असती. या वेळी आपटायला भांडीही उरली नव्हती, त्यामुळे ती नुसतीच गप्प होती.

गप्प राहणं मला कधीच जमलं नाही. मला औरंगाबादला जायचं नव्हतं आणि मी ते उठताबसता सांगत होते. त्याला कारणही तसंच होतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. गाण्यात बेसूर, भरतकामात आळशी, आणि अभ्यासात आपली बरी. कॉलेजच्या कवायतीच्या पथकातून आम्हा काही मुलींना सिकंदराबादच्या पलीकडे एका रायफल क्लबच्या रेंजवर नेलं. मी जन्मात पहिल्यांदा पालथी पडून बंदूक खांद्याला लावली, आणि माझ्या गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जागेत लागल्या. तिथे शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांनी कागदी निशाणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “इतवार कू फिर आना.” मला कुणी आपणहून ‘परत ये’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. संक्रांतीच्या सुमारास कॉलेजच्या संघाची निवड होती. तोवर हैदराबादेत राहायला मिळावं, एवढंच माझं मागणं होतं.

रायफल आणि काडतुसं क्लबची. बाकी सामान ज्याचं त्याने आणायचं. सुभेदारांनी बोटांवर मोजून सांगितलं: जाड कोट, खाली अंथरायला सतरंजी, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून टोपी, कानात घालायला कापूस, पुसायला फडकं आणि पेन्सिल. यातली पेन्सिल सोडली तर एकूण एक वस्तू अण्णांच्या गाठोड्यांत होती.

मी भीतभीत अण्णांकडे गेले. ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. पण ‘पिशवी भरायची आहे’ हे शब्द कानावर पडताच त्यांचा चेहरा उजळला.

“मुक्काम आहे का?”

“नाही. दुपारी परत येणार.”

“असं तहसीलदारही म्हणायचे,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

कोटासाठी एक गाठोडं सुटलं, सतरंजीसाठी दुसरं. मग अण्णांना एकेक आठवत गेलं. रेंजवरच्या पाण्याचा काय भरवसा, म्हणून फिरकीचा तांब्या. कोट उसवला तर सुई-दोरा. डोकं दुखलं तर बाम. अंधार पडला तर मेणबत्ती आणि काडेपेटी. आईने दशम्या, लसणाची चटणी आणि दोन लिंबं दिली. ‘वर काहीतरी पांघरायला असू दे’ म्हणून शाल आली. सगळं त्यांच्या खाकी कॅनव्हासच्या दौऱ्याच्या पिशवीत बसलं आणि वर दौऱ्याची गाठ पडली. निघताना आईने शकुनाचं दही उजव्या हातावर घातलं. मी ते चाटलं, हात परकराला पुसला म्हणून बोलणी खाल्ली, आणि तसाच चिकट हात घेऊन बस पकडली.

रेंजवर गाठ सुटेना. कुठलं टोक ओढायचं ते विचारायचं मी विसरले होते. दोघी मुलींनी ओढून पाहिलं, मग सुभेदारांनी दातांनी सोडवली. आत हात घालून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढून मातीवर मांडली. तांब्या, मेणबत्ती, लिंबं, डबा. ते शांतपणे म्हणाले, “बेटी, मैं बॅग लाने कू बोला था. तुम घर उठा को लाए.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दशम्या त्यांनी ठेवून घेतल्या.

त्या दिवशी आणखी एक फजिती व्हायची होती. रेंज सोडताना प्रत्येकीने खिसे उलटे करून दाखवायचे, चुकून काडतूस घरी जाऊ नये म्हणून. हा तिथला नियमच होता. मी अण्णांच्या कोटाचे खिसे उलटे केले तेव्हा त्यातून लवंगा, सुपारीची खांडं आणि चांगला दणकट अडकित्ता खाली पडला.

“ये कायका हत्यार है?” सुभेदारांनी विचारलं.

मी सांगितलं की सुपारी कातरायचा आहे, आणि कोट वडिलांचा आहे. त्यांनी अडकित्ता उघडून-मिटून पाहिला, परत खिशात टाकला आणि म्हणाले, “इसकी स्प्रिंग रायफल से अच्छी है.”

घरी हे सांगितल्यावर अण्णा दुखावले. तांब्याला कुणी हसेल अशी त्यांनी कल्पनाच केली नव्हती. पण पुढच्या रविवारी पिशवीतून तांब्या आणि लिंबं गेली, मेणबत्ती गेली, आणि तिसऱ्या खेपेला ती पिशवी खरोखरच रेंजची पिशवी दिसू लागली. गंमत अशी की पिशवीतून बाहेर आलेल्या वस्तू गाठोड्यात परत जाईनात. तांब्या स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिला. शाल खुंटीवर राहिली.

तोवर सुभेदारांची नवी फर्मानं सुटतच होती. कोपराखाली मऊ काहीतरी हवं. गाद्यांचं गाठोडं सुटलं, त्यातून लोड-तक्क्यांचा कापूस निघाला. रायफलचा पट्टा दंडाला आवळून धरायचा सराव घरी करा. मी वळकटीची नवार सोडवली, लाटण्याला बांधली, आणि बैठकीत पालथी पडून समोरच्या कॅलेंडरावरच्या तारखेवर नेम धरू लागले. शेजारच्या तेलुगू बाई साखर मागायला आल्या होत्या. लाटणं रोखून पडलेली मला बघून त्या दारातूनच वळल्या.

अण्णा कचेरीतून आले की सुटलेल्या गाठोड्याकडे बघायचे.

“हे कुणी सोडलं?”

“रेंजला लागलं,” मी म्हणायचे. रेंजपुढे त्यांचं काही चालत नसे, कारण पिशवी त्यांनीच भरायला शिकवली होती.

आणि मग एका दुपारी मी लाटणं घेऊन पडलेली असताना आई जवळ येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“का गं, चहाची गाळणी लागत असेल ना तुला तिकडं?”

“गाळणी? कशाला?”

“मला काय माहीत. बंदुकीचं काही गाळत असतील.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती कॅलेंडराकडे बघत होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी म्हणाले की हो, गाळणी लागतेच. संध्याकाळी गाळणीतून गाळलेला चहा अण्णांनी प्यायला. आणखी अर्धा कप मागितला.

त्यानंतर आईला थांबवणं अवघड झालं. “तुमच्या सुभेदाराला परात लागते का बघ.” “सहाणखोड लागत असेल.” “समया ठेवून द्यायच्या की तुम्ही अंधारात पण बंदूक मारायलाव?” रेंजवर पुरणयंत्र लागत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्याला हे शहर सोडायचं नाही, एवढं एक वाक्य तिला नवऱ्यापुढे बोलता येत नव्हतं, आणि पुरणयंत्र मागता येत होतं. मला तिची दया आली आणि रागही आला. मी प्रत्येक वस्तूला हो म्हणाले.

अशात हुकूम आला. औरंगाबाद, ताबडतोब.

अण्णांनी कोट मागितला नाही, सतरंजीही मागितली नाही. भिंतीला जे काही अर्धवट सुटून पडलं होतं ते त्यांनी एकवार पाहिलं आणि ठरवलं की आपण आधी एकट्याने पुढे जायचं, घर बघायचं, आणि संक्रांतीला येऊन आम्हाला न्यायचं. जन्मभर दौरे केलेला माणूस एका साध्या पिशवीत चार कपडे कोंबून निघाला. दौऱ्याची पिशवी माझ्याकडे होती.

सिकंदराबाद स्टेशनावर गाडी लागलेली होती. थंडी पडू लागली होती आणि अण्णांच्या अंगात नुसता सदरा. मी घरून निघतानाच कोट काखोटीला मारून आणला होता. तो पुढे केला.

“ठेव,” ते म्हणाले. “तुला कोपर टेकायला लागतो.”

“तिकडं थंडी असेल, अण्णा.”

“मी तो घालून नुसता बसतो. तू घालून काहीतरी करतेस.”

गाडी हलली. मी कोट घेऊन फलाटावर उभी राहिले आणि मला रडू आलं. एवढे दिवस मी फक्त माझ्या रविवारचा विचार करत होते. ते एकटे जातील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र आईला एकदम धीर आला. अडवणारं कुणी नव्हतं. ती उरलेलं एकेक गाठोडं सोडत गेली आणि रेंजचं नावही घेईनाशी झाली. औरंगाबादहून अण्णांची पत्रं यायची. घर मिळत नाही, खानावळीतल्या डाळीला चव नाही, आणि शेवटी ‘सुभेदार काय म्हणतात?’ मी कोट घालून पालथी पडायचे. त्याला लवंगेचा वास यायचा. सुरुवातीला त्या वासाने माझं लक्ष उडायचं, मग त्याच्याशिवाय नेम लागेनासा झाला.

संघात माझी निवड झाली. दुसऱ्याच दिवशी, भोगीला, अण्णा आले. तिकडेच घेतलेली शाल गुंडाळलेली, गाल बसलेले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “निवड?”

“झाली.”

“बरं झालं,” म्हणून ते बसले. आईने तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली. भाकरीचं पीठ मळलेली परात अजून ओट्यावरच होती. अण्णांनी ती ओळखली. सगळ्यात खालच्या गाठोड्यात त्यांनी स्वतः बांधली होती.

“ही कशी निघाली?”

“रेंजला लागली होती,” आई म्हणाली.

अण्णा जेवले, हात धुतला आणि घरभर फिरले. फळ्यांवर डबे होते, गाद्या पलंगावर होत्या, समया देवापुढे लागल्या होत्या. भिंतीला काहीच नव्हतं. ते परत आले.

“दोरी कुठे आहे?”

दोरीवर अंगणात आईची लुगडी वाळत होती. नवार माझ्या लाटण्याला होती. गोणपाटाचं पायपुसणं झालं होतं, आणि अण्णा त्यावरच उभे होते. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि पहिल्यांदाच ती त्यांच्याकडे सरळ बघत होती.

अण्णांनी खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. कोपरांवर तो पार झिजला होता. त्यांनी खिशात हात घातला. अडकित्ता जिथल्या तिथे होता. त्यांनी एक सुपारी घेतली आणि सावकाश कातरून तोंडात टाकली.

“मग मुदतीआधी पेन्शन मागतो आणि इकडेच येतो,” ते म्हणाले. “एवढ्या घरापेक्षा मला एकट्याला बांधणं सोपं आहे.”