सुकरोबाईचा पंचनामा

जंगल झाडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात वनरक्षक म्हणून रुजू होऊन मला आठच दिवस झाले होते. मार्चची सुरुवात होती. सकाळी गस्तीला निघाले तर रानातून खर्र खर्र असा आवाज यायला लागला. अस्वल माती उकरतंय या समजुतीनं मी आणि माझ्यासोबतचा वनमजूर जागच्या जागी थांबलो. मग हळूच पुढं जाऊन पाहिलं तर सत्तरीची एक काटकुळी म्हातारी, लुगड्याचा काष्टा खोचलेला, हातात तिच्याएवढा खराटा, आणि मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा ती अंगण झाडावं तसा मन लावून झाडत होती.

‘‘आजी, काय करता?’’

‘‘दिसत नाही का वो? झाडून राहिली.’’

‘‘जंगल?’’

‘‘मंग काय तुहं घर झाडू?’’

वनमजूर तोंड फिरवून हसला. सुकरोबाईशी माझी ओळख झाली ती अशी. ती मला कधी ‘गार्डबाई’ म्हणायची, कधी ‘पोरी’, आणि माझं काही चुकलं की ‘सरकार’.

झाडण्याचं कारण साधं होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात पडली की सापडत नाहीत. म्हणून मोसम सुरू व्हायच्या आधी लोक आपापल्या झाडाखाली काडी लावतात. पाला जळतो, जमीन साफ होते, पिवळसर फुलं काळ्या राखेवर लांबूनही दिसतात. काडी लावणारा आपली आग विझली असं समजून घरी जातो आणि आग त्याच्या पाठीमागं डोंगर चढते. मग आम्ही धावतो, फांद्यांनी झोडपून ती विझवतो आणि कागदावर लिहितो, ‘आग लावणारा : अज्ञात इसम’. आमच्या दप्तरात इतक्या आगी या एकट्या इसमाच्या नावावर आहेत की जिल्ह्यात त्याच्याएवढा कष्टाळू माणूस दुसरा नसावा.

सुकरोबाईच्या वाट्याला अकरा मोह होते. कागदोपत्री ती सरकारची झाडं, पण कुठला मोह कोणाच्या घरचा हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या अकरा झाडांखालचा पाला ती एकटी झाडायची, ढीग बाजूला लावायची आणि मोसम संपला की तोच पाला पुन्हा झाडाखाली पसरायची. यातली नऊच झाडं ती वेचायची. उरलेली दोन अस्वलाची. ‘‘त्याले त्याचा मोहा भेटला तं तो माह्या झाडाखाली कायले येईन?’’ असा तिचा हिशेब.

खात्यानं त्या वर्षी फुलं झेलायला हिरव्या जाळ्या वाटल्या. मी मोठ्या उत्साहानं तिला एक नेऊन दिली. चार दिवसांनी तिच्या दारावरून गेले तर ती जाळी वालाच्या मांडवावर अंथरलेली. ‘‘वांदरं वाल ठेवत नव्हते वो,’’ ती म्हणाली. ‘‘लय कामाची हाये तुही जाळी. अना झाडाखाली आथरली तं मुंग्याइनं काय खावं, सांबरानं काय खावं?’’ पुढच्या वर्षी आम्हाला पाला उडवायचं यंत्र मिळालं. पाठीवर अडकवून मी तिच्यासमोर ते सुरू करून दाखवलं. तिनं कानांवर हात ठेवून सगळा खेळ पाहिला आणि यंत्र बंद झाल्यावर म्हणाली, ‘‘खराटाच हाये. पेट्रोल पिते एवढंच.’’ तिचा एक टोमणा मात्र मला झोंबायचा. फेब्रुवारीत आम्हीही जाळरेषा घेतो, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मधला पट्टा आम्हीच जाळून ठेवतो. ‘‘तू जाळलं तं सरकारी काम, आमी जाळलं तं गुन्हा,’’ ती म्हणायची.

एकदा गावात वणव्याविषयी जागृती करायची होती. भाषण मला करायचं होतं. तालुक्याहून आलेला छापील मजकूर मी वाचायला घेतला, ‘मानव हा निसर्गाचा रक्षक आहे, तेच त्याच्या जन्माचे प्रयोजन आहे.’ बायकांच्या घोळक्यातून सुकरोबाई मोठ्यानं हसली. सभा संपल्यावर मी जरा रागानंच विचारलं, ‘‘आजी, हसायला काय झालं?’’

‘‘रक्षक म्हन्लीस ना तू? कोनापासून रक्षन कराचं?’’

‘‘आगीपासून.’’

‘‘आग कोन लावते?’’

‘‘माणूस.’’

‘‘मंग?’’ तिनं मला तसंच उभं ठेवलं. मग तिलाच दया आली. ‘‘अस्वलाले नखं देल्ली, साळिंदराले काटे देल्ले. माणसाले का देल्लं? काडी देल्ली. ते लावाची का नाही, लावली तं तिच्याजवळ उभं राहाचं का नाही, एवढंच त्याले पाहाचं हाये. बाकी जंगल आपलं आपन पाहून घेते.’’

त्यानंतर तो छापील कागद मी कधी वाचला नाही.

घरात तिचा मुलगा देवराम, सून संगीता आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. संगीताचं माहेर इटियाडोहाच्या कालव्याकडचं, चहूकडं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. बारावी शिकलेली, कामाला वाघीण आणि बोलायला गोड. सासू-सुनेचं इतकं जमायचं की गावातल्या बायकांना त्याचं नवल वाटायचं. सुकरोबाई तिच्याबद्दल बोलताना ‘माही पोरगी’ असंच म्हणायची.

तिसऱ्या वर्षी ऐन मोसमात सुकरोबाई तापानं पडली. गुडघे आधीच गेलेले. अकरा झाडांचा पाला तसाच पडून राहिला आणि फुलं गळायला लागली. संगीताला पहाटे वेचायला जायचं, परत येऊन पोरांना शाळेत पाठवायचं, मग दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. झाडायला वेळ कुठून आणणार? एका दुपारी तिनं काडी लावली. वारा उलटला आणि आग बांबूच्या रांजीत, म्हणजे दाट बेटात, शिरली. आम्ही पाच माणसं संध्याकाळपर्यंत झोडपत होतो, तेव्हा कुठं ती आटोक्यात आली. कोणी लावली हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण दोन लेकरांची आई, कोर्टाच्या तारखा, दंड, हे सगळं डोळ्यांपुढं आलं आणि आमच्या त्या अज्ञात इसमालाच पुन्हा बोलवायचं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकरोबाई आमच्या वनखात्याच्या नाक्यावर हजर. अंगात ताप, आणि हातात संगीताचं मनगट घट्ट धरलेलं. मागून देवराम ओरडत येत होता, ‘‘माय, घरी चाल! काऊन तमाशा करून राहिलीस?’’

‘‘हिनं लावली,’’ सुकरोबाई मला म्हणाली. ‘‘लिहा.’’

मी तिला बाजूला घेतलं. ‘‘आजी, मी समज देऊन सोडते. घरचं माणूस आहे, असं काय करता?’’

‘‘घरची हाये म्हनून तं आनली. दुसऱ्याची सून असती तं मी कायले आनली असती?’’ तिला धाप लागली होती. ‘‘नाव लिहलं तं ते दंड भरन, रडन, मले शिव्या देईन अना मोकळी होईन. ज्याचं कोनी लिहत नाही त्याचं काय होते ते मले माहीत हाये.’’

शेवटचं वाक्य मला तेव्हा समजलं नाही. संगीता जमिनीकडं बघत उभी होती. तिनंच हळू आवाजात ‘‘मीच लावली, मॅडम’’ म्हटलं आणि मला लिहावं लागलं.

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. देवरामनं चूल वेगळी केली. एकाच अंगणात दोन चुली पेटायला लागल्या आणि संगीता सासूशी बोलेनाशी झाली. पोरांनाही तिकडं जायची मनाई झाली. ‘घरची सून धरून देल्ली बुढीनं’ म्हणत बायकांनी तिला रानात सोबत घेणं सोडलं. ताप उतरल्यावर ती एकटीच खराटा घेऊन जायला लागली. एका झाडाखालचं झाडून झालं की बसायची, मग पुढचं. मला तर त्या घराकडं मान वर करून बघायचीही चोरी झाली होती. एकदा रानात गाठ पडली तेव्हा मी विचारलं, ‘‘आजी, पस्तावा होतो का?’’

‘‘केल्याचा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘लेकरं जवळ येत नाही, त्याचं लय वाईट वाटते.’’ तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची खटपट तिनं केली नाही.

सुकरोबाईला जाऊन आता एक पावसाळा उलटला. गेली तेव्हा नातवंडं तिच्याच अंथरुणात झोपलेली होती, हे आधी सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण मला ती आठवते ती त्या आगीनंतर तीन आठवड्यांनी नाक्यावर आली त्या दिवसाची.

सकाळची वेळ होती. ती बाकावर टेकली आणि म्हणाली, ‘‘संगीताच्या कागदावर का का लिहलं, वाचून दाखव.’’ मी पंचनामा वाचला. ठिकाण, वेळ, दोन हेक्टर क्षेत्र, पालापाचोळा व गवत जळाले. नुकसान : निरंक.

‘‘निरंक म्हन्जे?’’

‘‘म्हणजे काही नाही. मोठी इमारती लाकडाची झाडं जळाली नाहीत ना, म्हणून.’’

ती उभी राहिली. तीन वर्षांत मी तिला टोमणे मारताना पाहिलं होतं, रागावलेली प्रथमच पाहत होते. ‘‘काही नाही? तू गेल्ती का पाहाले? आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी गेल्ती?’’

मी गेले नव्हते. आग विझली की आमचं काम संपतं.

‘‘कागद काढ,’’ ती म्हणाली. ‘‘आता माहं लिह.’’

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. पन्नास वर्षं होत आली होती त्या गोष्टीला. मी म्हटलं, ‘‘आजी, इतक्या जुन्या गुन्ह्याची नोंद होत नाही.’’ ती म्हणाली, ‘‘तुह्या सायेबासाठी नाही सांगून राहिली. लिह गुमान.’’ मी लिहीत गेले. सगळं सांगून झाल्यावर तिनं अंगठा उमटवला आणि म्हणाली, ‘‘पंच लागते ना? संगीताले बोलाव.’’

मीच बोलवायला गेले. आणखी कुठल्या कागदावर सही करायची आहे, असं समजून संगीता आली आणि सासूकडं न बघता उंबऱ्यापाशी उभी राहिली. मी कागद तिच्या हातात दिला. ‘‘मोठ्यानं वाच,’’ सुकरोबाई म्हणाली, ‘‘मले आयकाचं हाये का लिहलं ते.’’

संगीता वाचायला लागली. ‘मी, सुकरो. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी मोहाखाली काडी लावली. जवळ उभी राहा, असे सासूने सांगितले होते. मी नाल्यावर मैत्रिणीशी बोलत बसले. आग डोंगरावर गेली. दोन दिवस जळत होती. मला कोणी विचारले नाही. मी कोणाला सांगितले नाही.’ तिनं थांबून सासूकडं पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

‘‘वाच,’’ सुकरोबाई म्हणाली.

‘तिसऱ्या दिवशी मी एकटी वर गेले. पाय भाजत होते. नुकसान पाहिले ते असे. चारोळीची लहान रोपे, मोजता आली नाहीत. साळिंदर एक, बिळाच्या तोंडाशी. घोरपड एक. सशीण एक, पिलांवर पसरलेली, पिले तीन. मधाचे पोळे एक, मेण वितळून खडकावर आलेले. रानकोंबडीची अंडी पाच. फुटली नव्हती. शिजली होती.’

संगीतानं मोठ्यानं वाचणं तिथं थांबवलं. खाली अजून सात-आठ ओळी होत्या. त्या तिनं मनातच वाचल्या.

‘‘आत्या, हे मले पहिले काऊन नाही सांगतलं?’’

‘‘सांगतलं असतं तं तू काय म्हन्ली असतीस?’’

‘‘तुमी लावली तं मी लावली त्यात का मोठं, असं म्हन्ली असती.’’

‘‘म्हनूनच.’’

संगीतानं माझ्याकडून पेन घेतलं आणि पंचाच्या जागी सही केली. मग तिनं विचारलं, ‘‘मॅडम, माह्या कागदावर नुकसान का लिहलं?’’ मला लाज वाटली, पण सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मीही नाही गेली पाहाले. तोंड लपवून घरीच बसली होती.’’

‘‘चाल मंग,’’ सुकरोबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. ‘‘ऊन चढाच्या आधी जाऊन येऊ.’’

संगीतानं सासूचा हात धरला नाही. पण तिच्या चालीनं चालायला लागली, ती थांबली की थांबली. मी कोरा कागद घेऊन दोघींच्या मागून निघाले. ते दोन हेक्टर नीट पाहायला आम्हाला दोन दिवस लागले.