चिठ्ठीवाला पलंग

राज्यांची वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे मुंबईच्या राज्यात गेलं आणि आमचं सौंसर इकडे मध्य प्रदेशातच राहिलं. माझं माहेर सावनेरजवळ. म्हणजे रात्री झोपले तेव्हा माहेर आपल्या राज्यात होतं, सकाळी उठले तर परराज्यात! माझा भाऊ भेटायला आला की दारातूनच ओरडायचा, "परदेशातून पाहुणा आला वं, चहा टाक!" बाकी आमच्या चुलीवर काही फरक पडला नाही. भाकर तीच, वरण तेच.

राजधानी मात्र नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि तिच्यामागे मोठे साहेब, छोटे साहेब सगळे निघाले. आता बिऱ्हाड हलतं तेव्हा जड सामान मागेच राहतं, हे कोणत्याही बाईला विचारा. नागपुरात त्या दिवसांत बंगल्याबंगल्यांतून खुर्च्या, कपाटं, पलंग अंगणात येऊन बसले होते, कोणी नेता का म्हणून.

आमचे हे तेव्हा सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू होते. जुन्या दप्तरांच्या खोलीत बसायचे. कागदाच्या कामानं नागपूरला गेले आणि येताना छोट्या रुळांच्या गाडीतून एक आरामखुर्ची घेऊन आले. मी म्हटलं, "हे कायले आणलं? टेकून बसाले तुम्हाले वेळ कुठं हाय?" पण खुर्ची आमच्या ओट्यावर एक दिवसही टिकली नाही. बोरगावचा एक संत्र्याचा बागवान पाणी प्यायला म्हणून टेकला, आणि मग उठेचना. शेवटी खुर्चीसकट गेला. ह्यांच्या डोळ्यांत तेव्हा जी चमक दिसली, ती मी दप्तराच्या खोलीतून येताना कधी पाहिली नव्हती.

मग रविवारी रविवारी सामान येऊ लागलं. साहेबांच्या टोप्या अडकवायचा एक खांब आला होता, त्याला फांद्याच फांद्या. हे काय असतं ते सौंसरात कोणालाच कळेना. एका शेतकऱ्यानं तो गोठ्यात उभा केला आणि त्यावर बैलांच्या घुंगुरमाळा टांगल्या. फार शोभला म्हणतात.

एवढ्यात बदलीचा हुकूम आला. भोपाळच! नागपूरची मराठी दप्तरं तिथं गेली होती, ती वाचणारा बाबू पाहिजे होता. सासूबाई सौंसर सोडायला तयार नाहीत. त्यांना एकटं टाकून मी जाणार नाही. म्हणजे हे तिकडे एका खोलीत हातानं भात शिजवणार, आणि आमची दीड वर्षाची मुलगी इकडे बापाला पाहुणा समजणार.

ह्यांनी दोन महिन्यांची छुट्टी मागितली. दोन महिने सामान विकून पाहायचं. घर चाललं तर राजीनामा, नाही तर भोपाळची गाडी. आता हे इतके सरळ, की छुट्टीच्या अर्जात लिहिलं, 'घरी जुने पलंग व खुर्च्या विकावयाच्या आहेत.' कचेरीतल्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, कपाळावर हात मारला. म्हणाले, "अरे बाबूजी, असं कोणी लिहिते काय? घरगुती कारण लिहा, घरगुती!"

सासूबाईंचं तोंड मात्र सुरू झालं. "माह्या पोराले सरकारी खुर्ची भेटली, अन् तो खुर्च्याच विकाले बसला वं! लोक मले कबाड्याची माय म्हणतीन."

"म्हणू दे," हे म्हणत. "बाबूची माय भोपाळले जाते का? नाही ना? मंग?"

ह्यांची एक सवय होती, कचेरीची. कागदाशिवाय वस्तू म्हणजे ह्यांना बेवारस वाटायची. म्हणून प्रत्येक सामानाला सुतळीनं चिठ्ठी बांधायचे. वस्तू काय, कोणाच्या घरची, दोष कोणता, सगळं सुवाच्य अक्षरात. 'आरसा. डावीकडे चेहरा किंचित लांब दिसतो.' असं! लोकांना गंमत वाटायची. बाया तर मुद्दाम त्या आरशात डावीकडे उभं राहून पाहायच्या आणि हसून हसून जायच्या.

मग तो पलंग आला. शिसवी, नक्षीचा, चार माणसांनी उचलला तेव्हा ओट्यावर चढला. बाजाराचा दिवस होता. शाळेतले एक मास्तर थांबले, चष्मा पुसला आणि चिठ्ठी चारचौघांत मोठ्यानं वाचली, जसं वर्गात वाचतात तसं. "पलंग. मालक, नागपूरचे एक डॉक्टर. मालकाच्या वडिलांचे याच पलंगावर देहावसान झाले."

संपलं! ओटा असा रिकामा झाला जसा कोणी पाणी फेकलं. ज्यानं कपाटाला हात लावला होता त्यानं तो हात धोतराला पुसला. त्या बाजारी काही गेलं नाही, पुढच्या बाजारीही नाही. बाया आमच्या घरासमोरून जाताना पदर सावरून पलीकडच्या बाजूनं जात. "मुर्द्याचा पलंग हाय तिथं," पोट्टे एकमेकांना दाखवत.

मी ह्यांना म्हटलं, "ते चिठ्ठी काढून टाका."

"नोंद हाय ते. नोंद कोणी फाडते काय?"

"मंग लिहाले कोणं सांगतलं होतं?" सासूबाई आतून.

"जे हाय ते लिहिलं. पुरं वाचा म्हणा त्याहिले," एवढंच बोलून हे कपाट पुसायला लागले. मला वाटलं, हट्ट करून राहिले.

छुट्टीचे पाच-सहा दिवस उरले. हे भोपाळसाठी पेटी झटकायला लागले. सकाळीच नागपूरला गेले, एका साहेबाला सांगायला की आता आम्ही सामान घेत नाही. मी ओट्यावर बसले आणि त्या पलंगाकडे पाहून मला असा राग आला! उठले, सुतळी सोडली, चिठ्ठी कमरेला खोसली. फाडायचा धीर झाला नाही, पण म्हटलं, आता बोल बाप्पा पलंगा, काय बोलतो ते.

अर्ध्या तासात रामाकोना गावची एक शेतकरीण बैलगाडीतून उतरली. तिला गावातली कुजबुज कुठली माहीत! पलंगावरून हात फिरवला, त्याचा पाय हलवून पाहिला.

"बाई, लेकीचं पहिलं बाळंतपण हाय. सुईण म्हणते खाली ओल हाय, पलंग आण. हा बरा दिसते. कोणाच्या घरचा हाय वं?"

"नागपूरच्या डॉक्टरच्या."

"घर चांगलं होतं ना?"

आता एवढं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर! पण समोर लेकीसाठी बाई उभी. तिची लेक या पलंगावर निजणार, आणि नंतर कोणी सांगितलं तर? कमरेची चिठ्ठी काढली. मी शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली, पुढचं सारं किराण्याच्या पुड्यांवरून शिकलेली. अडखळत वाचून दाखवलं. 'देहावसान' आलं तसा तिनं हात काढून घेतला.

"जाऊ दे माय," ती म्हणाली. "बाळंतिणीले नको."

मी कागद घडी करायला उलटला, तर मागेही लिहिलेलं! कोपऱ्यात बारीक 'मागे पहा' होतं, ते सुतळीच्या गाठीत दबलं होतं. कचेरीतला माणूस कागद उलटल्याशिवाय राहत नाही, म्हणून ह्यांना वाटलं सारं जगच उलटून पाहतं!

"थांब वं बाई, अजून हाय," म्हटलं आणि वाचू लागले. "वय नव्वदीच्या पुढे. आजार नाही. पणतवाचे तोंड पाहिले, अंगावर सोन्याची फुले उधळली. पणतू याच पलंगावर जन्मला. शेवटच्या दिवशी चहा मागून घेतला, पिऊन आडवे झाले. पलंग विकण्याचे कारण, भोपाळच्या घराचे दार अरुंद."

ती बाई गाडीकडे निघाली होती, ती वळली.

"पणतू यावरच झाला? अन् म्हातारा सोन्याची फुलं घेऊन गेला?"

"असं लिहिलं हाय."

"असं मरण कोणाले भेटते वं! माहा सासरा वर्षभर खोकत होता." परत येऊन तिनं पलंगाला चक्क हात जोडले. "यावर लेकरू झालं तं शंभर वर्ष जगन. गाडीवानभाऊ, या इकडे! अन् बाई, ते चिठ्ठी बी दे. व्याहीनबाईले दाखवाले लागन."

"चिठ्ठी कायले?"

"कायले म्हणजे? चिठ्ठीशिवाय तं हा नुसता पलंगच हाय."

संत्र्यांच्या रिकाम्या टोपल्यांवर पाय वर करून पलंग रामाकोन्याला गेला. तिनं वाटेत ज्याला त्याला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशीपासून बाया येऊन प्रत्येक चिठ्ठी उलटून पाहू लागल्या. मागे कोरं दिसलं की नाराज व्हायच्या! "याचं मांग काही नाही लिहिलं काय?" कपाट गेलं, दोन वेताच्या खुर्च्या गेल्या, तो आरसाही गेला.

हे आले, रिकामी जागा पाहिली, सारं ऐकून घेतलं. मी म्हटलं, चिठ्ठी सोडल्याबद्दल आता रागावतील. तर विचारतात, "वाचता आलं तुले? अक्षर लागलं?" त्यानंतर एवढंच बदललं, की चिठ्ठ्या मोठ्या कागदावर लिहू लागले, एकाच बाजूला.

घर चालेल असं दिसलं, म्हणून छुट्टीच्या शेवटच्या सकाळी ह्यांनी राजीनामा लिहिला. कोट घातला, टोपी घातली, कागद खिशात ठेवला आणि उंबऱ्याशी घुटमळले. सासूबाई दारात आल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या.

"हात पुढं कर."

तळहातावर दही-साखर ठेवली.

"आई, नोकरी सोडाले चाललो मी. लागली नाही."

"मले समजते. लागली होती तेव्हा दहीच देलं होतं ना? मंग आता का ताक देऊ? खा, अन् जा. हात कोटाले पुसू नको."

ह्यांनी हात चाटला आणि गेले. कचेरी जवळच होती, तरी तासभर झाला, परतायचं नाव नाही. सासूबाई दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आल्या. तिसऱ्यांदा मी गेले, तर हे येत होते, हसत, आणि सोबत बडेबाबू. त्यांच्याही बदलीचा हुकूम आला होता. घरचा झोपाळा भोपाळला न्यावा की आमच्या ओट्यावर चिठ्ठी बांधून ठेवावा, हे विचारायला आले होते.