गुरुनाथचं पहिलंवहिलं मत

पुण्यात असताना गुरुनाथने एकदाही मत दिलं नव्हतं. मतदानाची सुट्टी म्हणजे सिंहगडावर पिठलं-भाकरी, एवढीच त्याची लोकशाही. पण माणूस परदेशी गेला की त्याला नको त्या गोष्टींचा पुळका येतो. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट भागात बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळत बरीच वर्षं काढल्यावर त्याने भारताचा पासपोर्ट परत केला आणि डच नागरिकत्व घेतलं. २००५ साली युरोपच्या नव्या राज्यघटनेवर देशभर मतदान होणार म्हटल्यावर तर स्वारी पेटलीच. घटनेचं ते जाडजूड बाड त्याने शब्दकोश घेऊन वाचायला काढलं. ‘होय’ म्हणायचं, हे मात्र वाचण्याआधीच ठरलं होतं.

“सोसायटीच्या मीटिंगला कधी फिरकला नाहीस,” बायको प्रमोदिनी म्हणाली, “आणि आता युरोप चालवायला निघालास!”

टोमणा बरोबर लागला, म्हणून त्याने मतदान केंद्रावर काम करायलाच नाव दिलं. गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, प्रशिक्षणात इतक्या शंका काढल्या की शिकवणाऱ्या बाई सारख्या घड्याळाकडे बघायला लागल्या. एक नियम त्याला फार आवडला: लाल पेन्सिलीने फक्त गोल भरायचा, मतदार ओळखू येईल अशी खूण दिसली की मत बाद.

१ जूनला घराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये गुरुनाथ लग्नातला कोट घालून बसला. केंद्रप्रमुख मेव्राउ डेकर, म्हणजे डेकरबाई, साध्या स्वेटरमध्ये होत्या. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “जा, आता तुमचं मत देऊन या.” ‘होय’चा गोल त्याने काठोकाठ भरला. पेटीत कागद टाकला आणि डोळे भरून आले. एवढं काय त्यात, म्हणून त्याचं त्यालाच हसू आलं. लगेच घरी फोन केला. “झालं गं!”

मतदान संपलं, पेटी टेबलावर उपडी झाली आणि गुरुनाथच्या अंगात आलं. एका कागदाखाली कुणीतरी ‘तुमचा हेंक’ अशी सही ठोकली होती. मेव्राउ डेकर म्हणाल्या, “जाऊ द्या ना, बिचारा.”

“नियम म्हणजे नियम,” गुरुनाथ म्हणाला. हेंक बाद झाला.

‘नाही’चा ढीग वाढत चालला होता. ‘होय’चा गठ्ठा जेमतेम वाढत होता. गुरुनाथ एकेका ‘होय’साठी जीव टाकत होता. तेवढ्यात मेव्राउ डेकरनी एक कागद उजेडाकडे धरला. “हा ‘होय’ आहे. पण वर हे काय? तुमच्याकडचं काही आहे का?”

कागदाच्या डोक्यावर, अगदी मधोमध, लाल पेन्सिलीने ‘॥ श्री ॥’ लिहिलं होतं.

गुरुनाथने अक्षर लगेच ओळखलं. परीक्षेचा पेपर असो, किराण्याची यादी असो नाहीतर ऑफिसातला फळा, त्याचा हात आधी श्री काढून मोकळा व्हायचा. देवळात न जाणाऱ्या या गृहस्थाला आपण तो कधी काढला हेही कळायचं नाही. प्रमोदिनी अजून भारताचीच नागरिक होती. या केंद्रावर दुसरा मराठी मतदार नव्हताच.

“नुसती नक्षी आहे,” एवढं म्हटलं असतं तरी मत वाचलं असतं. वाक्य ओठांवर आलं होतं. पण बाजूला हेंक पडला होता, त्याने स्वतः पाडलेला. पासपोर्ट परत करताना वाटलं नव्हतं एवढं वाईट त्याला आता वाटलं.

“कुणी लिहिलंय ते ओळखता येईल?” मेव्राउ डेकरनी विचारलं.

“येईल,” गुरुनाथ म्हणाला. “बाद करा.”

मेव्राउ डेकरनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी कागद हेंकच्या कागदावर ठेवला. मग हळूच विचारलं, “अर्थ काय त्याचा?”

“काम सुरू करताना आम्ही लिहितो. मध्ये विघ्न येऊ नये म्हणून.”

बाईंनी हसू दाबायला ओठ घट्ट मिटले. आधी फुटला तो गुरुनाथच. हसता हसता कोटाच्या बाहीने डोळे पुसत त्याने पुढचा कागद उलगडला. तो ‘नाही’ होता.