भर मे महिन्यात उदयपूर

बदनापुरात माझं खत-बियाण्याचं दुकान हाय. मे महिन्यात तिथं गिऱ्हाईक कमी अन् बसणारे जास्त. बसणाऱ्याला चहा लागतो, चहाला किस्सा लागतो, अन् आमच्या उदयपूरच्या किश्श्यांची थप्पी आता छताला टेकली. वरचा एक काढावा, तर खालचे दोन सोबत घसरून येतात!

आधी आमची गँग सांगतो. टेंभुर्णीचे साहेबराव, म्हणजे माझे सख्खे मामा. जन्मभर शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार केलेला माणूस. त्यांची बायको आमची गयामामी. केदारखेड्याचे रिटायर मास्तर, त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो. अन् मी अन् माझी बायको सुरेखा. आम्ही दरसाल उदयपूरला जातो, अन् तेबी भर उन्हाळ्यात. कारण साधं हाय. पेरणीच्या आधी आपण रिकामे, अन् तिकडं हॉटेलं रिकामी. दिवाळीत जो हॉटेलवाला फोन उचलत न्हाई, तोच मे महिन्यात स्वतः विचारतो, "सेठजी, कब आ रहे हो?" खताच्या दुकानदाराला सेठजी! मी तर एवढ्यासाठीच जातो.

पण या साली गोष्ट अलग होती. मामीचे गुडघे पार गेले. पावसाळ्यानंतर ऑपरेशन, अन् मंग चढ-उतार बंद, असं डॉक्टरनं सांगितलं. अन् उदयपूर म्हणजे सगळा चढ-उतारच! तिथं तळ्याच्या काठाला एक जुनी हवेली हाय, आता तिचं हॉटेल केलंय. तिच्या वरच्या मजल्यावर झरोक्याची एक खोली हाय, तिला राणीची खोली म्हणतात. मामी दरसाल खालून मान वर करून बघायची अन् म्हणायची, "एकदा तिथं बसून चहा प्यायचाय बाई." सारी उमर मेंढरांमागं चालली, उघड्यावर निजली. तिनं दुसरं कधी काही मागितलं न्हाई.

मामा म्हणाले, "या साली ती खोली एका रातीला भाड्यानं घेतोच. पुढल्या साली हिला कोण उचलून नेईल?"

* * *

निघायच्या आधी मी आमच्या नेहमीच्या लॉजला फोन लावला. तिथं नवा मॅनेजर आल्ता. बिचारा इमानदार निघाला. म्हणाला, "सर, सोच लो, यहाँ बहुत गर्मी है. दोपहर में बाहर नहीं निकल सकते."

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ओ भाई, गर्मी का डर हमको मत बताव. हमारे इधर इससे ज्यादा गर्मी में आदमी खेत में नांगर चला रहा है. तुम रेट बोलो!"

मंग मॅनेजरनं हळूच विचारलं, "आप लोग... दुबई से बोल रहे हो क्या?"

"बदनापूर!" मामा छाती काढून म्हणाले.

तवापासून तिथल्या रजिस्टरला आमची नोंद फॉरेनर म्हणून करावी का न्हाई, यावर त्या पोराचं अजून ठरून न्हाई राह्यलं.

* * *

उदयपूरला उतरलो, तर स्टेशनाबाहेर रिकाम्या रिक्षांची ही मोठी लाईन! सर म्हणाले, "कुणी घाई करायची नाही. ऑफ सीझनचा नियम असतो. भाव विचारायचा आणि चालू लागायचं."

सरांनी भाव विचारला अन् चालू लागले. रिक्षावाला मागं. त्यानं भाव उतरवला. सर चाललेलेच. त्यानं आणखी उतरवला. सर वळून बघेनात. सरांच्या मागं बॅगा उचलून आम्ही, आमच्या मागं रिक्षा. रिक्षात एकटी मामी बसलेली, कारण "चढाई है, माँजी को तो बिठाओ" म्हणून त्यानंच बसवलेली. उन्हानं माझी खोपडी शिजली!

शेवटी सर थांबले. "हां, आता बराबर बोलला. चला रे, बसा सगळे."

रिक्षावाला गाडी बंद करून म्हणाला, "साब, बैठ के क्या करोगे? होटल आ गया!"

* * *

बायकोचा किस्सा सांगितला तर घरी जेवण मिळणार न्हाई, तरी सांगतो.

सुरेखा लहरियाची, म्हणजे तिकडची लाटांच्या रेघांची, साडी घ्यायला एका दुकानात शिरली. दुकानदार गल्ल्यावर डुलक्या घेऊन राह्यला होता. दिवसभर कुत्रं फिरकलं न्हवतं त्याच्याकडं. सुरेखा बैठक मारून बसली. एकेक घडी मोडायला लावली, प्रत्येक साडीचा काठ उजेडात धरून बघितला. तेवढ्यात नाशिककडचं एक जोडपं आलं. दुकानदार खुलला! त्यानं त्यांना जो भाव सांगितला, तो ऐकून सुरेखा जागेवरूनच ओरडली, "अगं बाई, घेऊ नका! हीच साडी मला निम्म्यात देऊन राह्यलाय. या, इथं बसा माझ्याजवळ."

त्या जोडप्यानं निम्म्यात दोन साड्या नेल्या. मंग आणखी एक बाई आली, तिचाबी सौदा हिनंच करून दिला.

दुकानदार हात जोडून उभा राह्यला. "बहनजी, आप ही दुकान संभालो. मैं आपके गाँव जाता हूँ."

मी म्हणलं, "भाऊ, खुशाल ये. पण माझं खताचं दुकान हाय, अन् उधारी पार गळ्याला आलीय!"

* * *

लॉजवाल्यानं पंख्याच्या भाड्यात एसीच्या खोल्या दिल्त्या. सगळा लॉज रिकामा, त्याचं काय जातंय! सकाळी तो नवा मॅनेजर चहाचं विचारायला आला, तर खोल्या उघड्या, एसी गारेगार चालू, अन् माणूस एकबी न्हाई. बिचारा घाबरला. पळत गच्चीवर आला तर आम्ही पाची जण, धरून धरून वर चढवलेल्या मामीसकट, चादरी पसरून तिथंच पडलेलो.

"एसी खराब है क्या?" तो म्हणाला.

"चांगला हाय बाबा," मामी म्हणाली. "पण त्याच्यात हाडं गोठतात. अन् वर आभाळ न्हाई दिसत."

दुसऱ्या रात्री मॅनेजर स्वतःची गादी घेऊन वर आला. म्हणाला, मेरे कमरे में एसी नहीं है. मामा म्हणाले, "मंग आमच्या खोलीत जाऊन नीज की!" तो म्हणाला, "नहीं, यहाँ गपशप है."

* * *

अन् मंग आला हवेलीचा दिवस.

मामांनी जाताना सगळ्यांना ताकीद दिली. "बाजाराचा कायदा ध्यानात ठेवा. माल पसंत पडला तरी तोंडावर दाखवायचं न्हाई. खोड काढायची. ज्यानं तोंड उघडलं, त्यानं सौदा बुडवला!"

हवेलीचा कारभारी म्हणजे पांढऱ्या मिशांचा, पगडीवाला म्हातारा. मामीला दोन्हीकडून धरून आम्ही वर चढवलं, अन् त्यानं खोली उघडून दाखवली. आम्ही लागलो कामाला. सर म्हणाले, पंखा जुना आहे. सुरेखा म्हणाली, आरशाला डाग पडलेत. मी म्हणलं, तळ्यात पाणी कमी हाय. मामांनी तर पलंगाचे पाय हलवून बघितले, भिंतीवर टकटक केलं, अन् "हं" करून तोंड वाकडं केलं. अगदी शेळीचे दात बघून करतात, तस्सं.

तेवढ्यात मामी भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत झरोक्यापाशी पोचली अन् बसली. डोळ्याला पदर लावला.

"अहो, इथून तर सगळं तळं दिसून राह्यलंय! किती ग्वाड हाय हो!"

"झालं!" मामा कपाळावर हात मारून म्हणाले. "बुडवला सौदा!"

तरी मामा हटले न्हाईत. त्यांनी खांद्यावरचा गमछा काढला अन् कारभाऱ्यापुढं धरला. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत न्हाईत. कापडाखाली हातात हात घ्यायचा अन् बोटं दाबून बोलायचं. भोवतालच्याला काही कळत न्हाई. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "अरे, आप भी मेलेवाले हो!" त्याचा बाप जनावरांच्या मेळ्यात उंट विकणारा व्यापारी निघाला. त्यानं झटक्यात हात आत घातला.

दोघं बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यात बघत उभे. गमछा वर-खाली हलायचा. मामांच्या कपाळावर घाम आल्ता. पण म्हातारा बिलकुल उतरेना. कशाला उतरेल? गिऱ्हाईक झरोक्यात बसून रडून राह्यलं होतं!

शेवटी मामांनी हात बाहेर काढला. "न्हाई जमत. लई हाय. ऊठ गं, चल."

सुरेखानं तोंड फिरवलं.

मामी उठली. पण दाराकडं गेली न्हाई. हळूहळू मामांपाशी आली, त्यांच्या हातातला गमछा घेतला, अन् कारभाऱ्यापुढं धरला.

"दादा, आता माझ्याशी बोला."

मामांनी आ वासला. बाजारात बाईनं कापडाखाली हात घातलेला त्यांनी जन्मात बघितला न्हवता. आजवर मामीला त्यांनी एका शेळीचासुद्धा भाव सांगितला न्हाई. ही बोटांची भाषा ती कधी शिकली, देव जाणे! म्हाताऱ्यानं पगडी सारखी केली अन् हात आत घातला.

मामीनं त्याच्याकडं बघून बोटं दाबली. एकदाच. बस्स.

म्हातारा हसायला लागला. मिशा हलवत हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. हात बाहेर काढून कपाळाला लावला, अन् किल्ली मामीच्या हातात ठेवली. मामीनं पाठ फिरवून कमरेची पिशवी सोडली, नोटा त्याच्या मुठीत दाबल्या, अन् खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

मामा दाराशी उभे. "अगं, किती बोटं दाबली? एवढं तरी सांग!"

आतून मामीचा आवाज आला, "आधी चपला बाहेर काढा. अन् येताना चहाचं सांगून या."