नऊ-एक्केचाळीसची जोडी
गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास आला की मला मरोळचं ते गॅरेज आठवतं. ऐंशीच्या दशकात वडिलांनी जुनी जीप घेतली होती. वेग पन्नासवर गेला की सायलेन्सर असा घुमायचा की शेजारी बसलेल्या आईचं बोलणंही ऐकू येत नसे. मेकॅनिकने मागच्या ॲक्सलमधली दोन दातेरी चाकं काढून बाकावर ठेवली. मी तेव्हा कॉलेजात होते; उत्सुकतेने दात मोजले. लहानाला आठ, मोठ्याला त्रेचाळीस. “नऊ-एक्केचाळीसची जोडी टाकली तर त्याच वेगाला इंजिन कमी फिरेल, घुमणार नाही,” तो म्हणाला, “पण घाटात दम लागेल.” वडील अडून बसले, कारण गावची वाट घाटातूनच होती. आई म्हणाली, “सावकाश चढूया. घाई कोणाक आसा?” मग जोडी बदलली. गोरेगावच्या पुढे हायवेवर काटा पन्नासला टेकला आणि आम्ही कान देऊन बसलो. घुमणं गेलं होतं. आई गुणगुणत होती, बहुधा रोजच गुणगुणत असावी. वडिलांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काटा तिथेच ठेवला. ते गाणं कोणतं, हे इतक्या वर्षांनीही मला ठाऊक नाही. विचारलं तर ती थांबेल, म्हणून मी विचारलंच नाही.