सातवा तुकडा

माझ्या मामाने आयुष्यात एकाही अल्बमला दहापैकी दहा गुण दिले नाहीत. सगळ्यात जास्त दिले ते साडेआठ, आणि त्यानंतर आठवडाभर तो स्वतःवरच चिडलेला होता. अर्धा गुण उगाच गेला, म्हणत होता.

पोटासाठी तो पाणीखात्यात होता. जमिनीखालच्या नळाला गळती कुठे लागली आहे ते ऐकून शोधायचं, हे त्याचं काम. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि गाड्यांच्या गोंगाटातून खालच्या पाण्याचा घुमारा वेगळा काढायचा. तो दाखवेल तिथे खणायचे आणि तिथेच पाणी निघायचं. खणणारी यंत्रं त्याच्या शेजारीच धडधडत असायची. कानात कापूस घाल म्हटलं, तर तो भडकायचा. "सुताराने हातमोजे घालून रंधा मारायचा का?" एकतीस वर्षं त्याने हेच केलं, आणि त्यातली पंचवीस वर्षं दर शनिवारी आमच्या वर्तमानपत्रात सिनेमा, मालिका आणि कॉम्प्युटरवरचे खेळ यांच्या संगीताच्या अल्बमवर स्तंभ लिहिला. निवृत्तीच्या दिवशी सळई खात्यात जमा झाली. मग स्तंभ तेवढा उरला. लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारायचे ते त्या स्तंभामुळे. स्तंभही गेला असता, तर मामा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा एक चिडका म्हातारा, एवढंच.

ऐकण्याचे त्याचे कायदे होते. सिनेमाचा अल्बम सिनेमा न बघता ऐकायचा, खुर्चीत, डोळे मिटून. चित्राचा आधार काढून घेतल्यावर जे पडतं ते संगीत नव्हे, असं त्याचं मत. मालिकेचा अल्बम स्वयंपाकघरातून ऐकायचा, मधलं दार लोटून. मालिकेच्या सुरावटीने भांडी घासणारीला हात पुसत बाहेर आणलं पाहिजे, नाहीतर ती फुकट. आणि खेळाचं संगीत वीस वेळा सलग ऐकायचं, कारण खेळणारा एकाच ठिकाणी वीस वेळा मरतो आणि विसाव्या वेळीही ते डोक्यात जाता कामा नये. यावर मामी म्हणायची, "खेळात मरतो दुसराच, आणि शिक्षा मला." पण ऐकणं चालू असताना मामाशी बोलायचं नाही हा कायदा तिनेही कधी मोडला नाही. अल्बमवरचा मजकूर तो आधी वाचत नसे. वाचून ऐकणं म्हणजे भाव विचारून चव घेणं, असं म्हणायचा.

मी त्याच्या बहिणीची मुलगी. वर्तमानपत्रात मजकूर टंकायची माझी नोकरी त्यानेच शब्द टाकून मिळवून दिली. दर बुधवारी तो रेघी कागदावर पेन्सिलीने लिहिलेला स्तंभ घेऊन यायचा, मी टंकायची, शुद्धलेखन बघायची आणि पुढे पाठवायची. अकरा वर्षं हे चाललं. त्याचं ऋण माझ्यावर आहे हे त्याने मला कधी विसरू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्याची एक गोष्ट कधी विसरले नाही.

ती गोष्ट अशी. मामाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर वाद्यं दुरुस्त करणारा एक जण राहायचा. त्याची मुलगी माझ्याच वयाची. दिवसभर शीळ घालायची म्हणून मामाने तिचं नाव शिट्टी ठेवलं, ते कायमचं चिकटलं. शाळेला सुट्टी लागली की मी मामाकडे राहायला जायची, आणि दुपारी तो आम्हा दोघींना फरशीवर बसवून आमचे कान तपासायचा. नाणं कोणतं पडलं, पावलं कोणाची, नळ किती उघडा. सगळ्यात शेवटी मामीचा औषध घ्यायचा काचेचा पेला यायचा, अंगठ्याएवढा, पातळ. मामा बोट ओलं करून त्याच्या काठावरून फिरवायचा आणि त्यातून सुईसारखा बारीक आवाज निघायचा. इतका बारीक की सुरू कधी झाला ते कळायचं नाही.

"हा ऐकू येतोय तोवर कान शाबूत," तो म्हणायचा. "ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी दुकान बंद करायचं."

एकोणिसाव्या वर्षी आम्ही दोघींनी आपापल्या सुरावटी करून त्याला ऐकवल्या. शिट्टीला त्याने सहा दिले. मला चार. वर म्हणाला, "तुझा कान चांगला आहे गं, पण हातात काही नाही. तू ऐकणारी हो." मी घरी जाऊन सगळे कागद फाडले. शिट्टी पुढे शिकायला गेली. मी टंकायला बसले.

गेल्या दोन वर्षांत मामाच्या लिखाणात काहीतरी बिनसलंय हे मला दिसत होतं. हल्लीच्या संगीतात चमक राहिली नाही, असं तो दर दुसऱ्या आठवड्याला लिहायचा. बासरीला नावं ठेवायचा आणि जाड, खर्जातल्या तंतुवाद्यांवर खूश व्हायचा. मालिकांतले नट तोंडात बोळा घेऊन बोलतात म्हणायचा आणि टीव्हीचा आवाज भिंत हलेल इतका वाढवायचा. कानाचं नाव काढलं की त्याचं उत्तर तयार असे. "परवा जिन्याखालचा नळ गळत होता, तो कोणी ऐकला? मीच ना?" ते खरंही होतं. खालचा, जाड आवाज त्याला अजून स्वच्छ ऐकू यायचा. म्हणून तर त्याला काही कळलंच नाही. मला कळत होतं. मी बोलले नाही, कारण मामाला बोलण्याची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती, आणि दुसरं कारण पुढे येतंच आहे.

शिट्टीचा अल्बम आला. एका खेळासाठी तिने केलेलं संगीत. खेळ साधा होता. सोडून गेलेल्या माणसांचं रिकामं घर, त्यात खेळणाऱ्याने एकटं फिरायचं आणि वस्तू शोधायच्या. परीक्षणासाठी आलेली सीडी मामाकडे द्यायच्या आधी मी कचेरीत लावून बघितली. सातव्या तुकड्याला माझे हात थांबले. दोन मिनिटं चाळीस सेकंद दुसरं काहीच नाही, नुसता तो पेला. काठावरून फिरणारं ओलं बोट, तोच सुईसारखा आवाज. जगात तिघांनाच कळलं असतं की हे कुठून आलंय. शिट्टीने त्याचं ऋण असं फेडलं होतं, नाव न घेता, आणि मला तिचा इतका राग आला की मी सीडी काढून पाकिटात टाकली आणि पाणी प्यायला उठले.

बुधवारी मामाचा कागद आला. दहापैकी साडेतीन. "ओळखीची आहे म्हणून सोडणार नाही" अशी सुरुवात. आणि सातव्या तुकड्याबद्दल: "इथे संगीतकार बाईंनी चक्क रिकामी सीडी विकली आहे. दोन मिनिटं चाळीस सेकंद शांतता. मी ती वीस वेळा ऐकली. ही कला नव्हे, हा कामचुकारपणा आहे, आणि श्रोत्याला मूर्ख समजण्याचा उद्धटपणा आहे."

वीस वेळा. मला तो दिसला, खुर्चीत, डोळे मिटून, वीस वेळा काहीही न ऐकणारा.

एक फोन पुरला असता. "मामा, सातव्यात आवाज आहे रे, कान दाखवून ये." तो ओरडला असता, आठवडाभर बोलला नसता, आणि वाचला असता. मी फोन केला नाही. त्या परिच्छेदातली एक वेलांटी सुधारली आणि मजकूर पुढे पाठवला. शिट्टीचे साडेतीन मला वाचायचे होते. छापील.

सोमवारपर्यंत अकरा पत्रं आली. सगळ्यांचं म्हणणं एकच, सातव्या तुकड्यात आवाज आहे. एका शाळेतल्या संगीतशिक्षिकेने लिहिलं होतं की तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलांना तो ऐकू आला, तेव्हा परीक्षकांनी आपलं यंत्र तपासावं. यंत्र हा शब्द तिने सभ्यपणाने वापरला होता.

मामा चालत कचेरीत आला. चेहरा उतरलेला. माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि हळू आवाजात, म्हणजे त्याला हळू वाटेल अशा आवाजात, म्हणाला, "खरं सांग. तुला काही ऐकू आलं सातव्यात?"

सगळी कचेरी बघत होती. हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग छापलंस कसं?

"नाही मामा," मी म्हणाले. "मलाही काही ऐकू आलं नाही."

त्याचा चेहरा इतका खुलला की मला शरम वाटली. "वाटलंच मला! नंतर घातलाय आवाज. आपल्याला कोरी सीडी दिली आणि दुकानात दुसरी ठेवली." आणि तिथेच बसून त्याने उत्तर लिहिलं. संगीतकार बाईंनी लबाडी केली आहे, असं स्पष्ट लिहिलं. शेवटचं वाक्य होतं: "माझ्याबरोबर आणखी एका तयार कानाने हीच शांतता ऐकली आहे." तेही मीच टंकलं. संपादकबाईंना भांडण हवंच होतं, त्यांनी ते चौकटीत छापलं.

शिट्टीने पेपरला काही कळवलं नाही. ती रविवारी दुपारी सरळ मामाच्या घरी आली. मी तिथेच होते. तिने ना आवाज चढवला, ना ती बसली.

"मामा, तुमच्याकडचीच सीडी लावा," ती म्हणाली.

मामाने ऐटीत लावली. सातवा तुकडा सुरू झाला. मामी दारात उभी होती, ती वळून म्हणाली, "अगं, हा होय! मला वाटलं आपला फ्रीज वाजतोय. इतके दिवस म्हणते, फ्रीज दाखवायला हवा."

मामाने मामीकडे बघितलं. "कुठला हा?"

शिट्टी स्वयंपाकघरात गेली आणि औषधाचा पेला घेऊन आली. इतक्या वर्षांत त्याची जागा बदलली नव्हती. तिने सीडी बंद केली, बोट ओलं केलं आणि मामाच्या समोर, हातभर अंतरावर, काठावरून फिरवायला लागली. खोलीभर तो आवाज झाला. मामीने मान कलती केली. मीही केली असणार.

मामा बोटाकडे बघत होता. बोट फिरत होतं.

"अगं, कर ना सुरू," तो म्हणाला.

"सुरूच आहे, मामा."

तिने थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं, पण तिला बोलायचा अधिकार मला नाही. मामाने हात पुढे केला, पेल्याला बोटांची टोकं लावली आणि थरथर जाणवली तसा हात मागे घेतला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. सळई टेकवून ऐकताना तो जसा बघायचा, तसा.

"मला ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला. "तुला येत होतं."

मी काहीतरी बोलले. तुला वाईट वाटू नये म्हणून, वगैरे. मामी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. शिट्टीने पेला टेबलावर ठेवला, मामाला वाकून म्हणाली, "येते मी," आणि माझ्या अंगावरून निघून गेली.

मामाने दुसऱ्या दिवशी चार ओळींची माफी लिहून पाठवली आणि खाली लिहिलं, "दुकान बंद." माझं नाव त्याने कुठेही घेतलं नाही. घेतलं असतं, तर माझी नोकरी गेली असती. माफी आतल्या पानावर छापून आली, कोणी वाचली नाही. शिट्टीला पुढच्या खेळाचं काम मिळालं नाही. ज्या नावावरून भांडण झालंय ते कोणालाच नको असतं. आणि शनिवारचा स्तंभ संपादकबाईंनी मला दिला. तुमचा कान तयार आहे, असं खुद्द मामांनीच लिहिलंय, म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. दर शनिवारी गुण देते. लोक मला रस्त्यात थांबवायला लागले आहेत.

मामाला दोन्ही कानांची यंत्रं मिळाली. त्यातून बारीक आवाजही येतात म्हणे. मामीने फोनवर सांगितलं की दुपारी तो एकटाच सातवा तुकडा लावून बसतो.

गेल्या महिन्यात मी धीर करून गेले. सगळं सांगायचं ठरवलं होतं, चार गुणांपासून. मामा खुर्चीत बसला होता. मला बघून त्याने टीव्ही बंद केला, आधी उजव्या आणि मग डाव्या कानातलं यंत्र काढलं, दोन्ही नीट डबीत ठेवून झाकण लावलं, आणि म्हणाला, "हं, बोल."